हंड्यावरचं नाव



मागच्या लेखात अठाईच्या पारण्याचं लिहिलं होतं. मुगाचं पाणी किती पातळ ठेवावं, त्यानंतर काय द्यावं, असं सगळं. पुष्कळ जणींचे फोन आले. आजचा लेख स्वयंपाकघरातूनच सुरू होतो, पण तो एका पुस्तकाबद्दल आहे. आणि थोडा माझ्या चुकीबद्दल. लिहू की नको, असं आठ दिवस चाललं होतं. शेवटी वाटलं, संवत्सरीला तोंडाने खमतखामणा म्हणायचं आणि मनातलं मनातच ठेवायचं, त्याला काही अर्थ नाही.

मे महिन्यात माझी नात पुण्याहून सुट्टीला आली. वय चौदा. आमच्या शिंदखेड्याचा मे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी नऊनंतर अंगणात पाय टाकवत नाही, दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो. पोरगी आपली मधल्या खोलीत फरशीवर पालथी पडून इंग्रजी पुस्तक वाचत असायची. जेवायला तीन हाका माराव्या लागत. सूर्यास्ताच्या आत जेवण आटपायचं असतं, म्हणून माझी घाई, आणि ही म्हणायची, "दादी, फक्त एक चॅप्टर."

एकदा ती आंघोळीला गेली असताना मी ते पुस्तक उचललं. नाव 'द हंगर गेम्स'. लेखिका अमेरिकेतल्या सुझान कॉलिन्स, पुस्तक 2008 सालचं. पाठीमागचा मजकूर वाचला आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं एका रानात सोडायची, त्यांनी एकमेकांना मारायचं, शेवटी एकच जगणार, आणि सगळा देश हे टीव्हीवर बघणार!

आपल्या घरात पाणी गाळून पितात. भाजी निवडताना अळी सापडली तर ती पानासकट अलगद बाहेर नेऊन ठेवतात. आणि माझ्या नातीच्या उशाशी हे?

मी ते पुस्तक नेऊन धान्याच्या कोठीमागे ठेवलं. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, "असेल इकडेतिकडे." दोन दिवसांनी तिला कळलंच. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादी, तू वाचलंस का ते?"

मी म्हटलं, "मला वाचायची गरज नाही. हिंसा आहे त्यात."

"मग तू न वाचताच शिक्षा दिलीस," ती म्हणाली. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती माझ्याशी नीट वागली. अगदी नीट. पाहुण्याशी वागतात तसं. ज्यांना नातवंडं आहेत त्यांना कळेल, ह्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र तिनं एक विचारलं. आमच्याकडे प्यायचं पाणी एका जुन्या तांब्याच्या हंड्यात असतं. माझ्या लग्नात माहेराहून आलेला हंडा. तो चिंचेनं घासायला तिला हौस. घासता घासता म्हणाली, "दादी, ह्याच्यावर कुणाचं नाव कोरलंय? आपलं आडनाव नाहीये हे."

मी म्हटलं, "जुनं भांडं आहे ग. असेल कुणाचं."

सुट्टी संपली, ती गेली. पुस्तक कोठीमागेच राहिलं.

जूनमध्ये पाऊस लांबला. दुपारी सामायिक झाली की तास-दीड तास रिकामा असायचा. एका दुपारी मी ते पुस्तक काढलं. मी पुणे विद्यापीठाची बी.कॉम. आहे (आमच्या वेळी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती), पण 1982 नंतर इंग्रजी वाचलं ते बँकेच्या कागदांवरचं आणि औषधाच्या पाकिटावरचं. डिक्शनरी घेऊन बसले. पहिल्या दिवशी चार पानं झाली.

गोष्ट थोडक्यात सांगते. पुढे कधीतरी अमेरिका मोडून तिथं पानेम नावाचा देश झालेला आहे. एक श्रीमंत राजधानी आणि तिच्या ताब्यातले बारा जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यानं एक मुलगा आणि एक मुलगी ह्या खेळासाठी द्यायची. नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. कॅटनिस ही कोळशाच्या खाणीच्या जिल्ह्यातली सोळा वर्षांची मुलगी. तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचं नाव निघतं, आणि ही पुढे होऊन म्हणते, तिच्याऐवजी मी जाते.

इथपर्यंत मला आपली बकासुराची गोष्ट आठवत होती. एकचक्रा नगरीत रोज एका घरातून गाडाभर अन्न आणि एक माणूस जायचा, आणि भीम दुसऱ्याच्या मुलाऐवजी गेला. आपल्या खान्देशातल्या एरंडोललाच जुनी माणसं एकचक्रा म्हणतात, आणि पद्मालयाजवळ भीमानं बकासुराला मारलं असं सांगतात. लहानपणी ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली. तेव्हा कुणी ती कोठीमागे लपवली नाही. कॉलिन्सबाईंनीही आपल्या गोष्टीचं मूळ ग्रीकांच्या एका पुराणकथेत असल्याचं सांगितलं आहे. त्या कथेत अथेन्सची मुलं-मुली एका राक्षसाच्या भक्ष्यासाठी पाठवावी लागत. शिवाय एका रात्री टीव्हीवर चॅनेल बदलताना एकीकडे तरुणांची स्पर्धा आणि दुसरीकडे इराकचं युद्ध दिसत होतं, ती दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळली, असंही त्या सांगतात.

पण मला अडवलं ते पुढच्या एका हिशेबानं. शेवटी मी कॉमर्सचीच.

त्या देशात बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं अठरापर्यंत सात. हे सगळ्यांना सारखंच. पण घरात उपासमार असेल तर मुलाला जास्तीच्या चिठ्ठ्या टाकून घेता येतात. एका जास्त चिठ्ठीमागे एका माणसाचं वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल. घरात जितकी माणसं तितक्या चिठ्ठ्या, आणि त्या दरवर्षी साठत जातात. कॅटनिसनं बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी, आईसाठी, बहिणीसाठी अशा तीन तीन घेतल्या. पाच वर्षांच्या पंधरा, त्यात नेहमीच्या पाच, म्हणजे वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा. घरात तो, आई आणि तीन धाकटी भावंडं. पाच माणसं गुणिले सात वर्षं पस्तीस, अधिक सात, बेचाळीस. श्रीमंताच्या त्याच वयाच्या मुलाच्या सात.

मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि पेन खाली ठेवलं. कारण हा हिशेब मी पूर्वी पाहिला होता. पाहिला कसला, लिहिला होता.

माझं माहेर पारोळ्याकडचं एक खेडं. बापूजींचं धान्याचं दुकान. 1972 च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. रेशनवर लालसर मिलो यायची, अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. बाया-माणसं खडी फोडायला, रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर जायची. तिथं सुकडी मिळायची. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 साली. आज शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ असते. आमच्या डोळ्यांसमोर ती उन्हातली रांग होती.

माझं अक्षर चांगलं, म्हणून संध्याकाळी रोजमेळ लिहायला बापूजी मला बसवायचे. एका संध्याकाळी माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर दुकानात आली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. आम्ही एका बाकावर बसत होतो. आईच्या डोक्यावर हंडा होता, रिकामा. बापूजींनी तो काट्यावर ठेवला. सव्वाचार किलो. पंधरा किलो बाजरी मोजून दिली. मला म्हणाले, "लिही. हंडा एक, तांब्याचा, गहाण." मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी वर बघितलं नाही.

आमच्या आत स्वयंपाकघरात त्या वेळी भाकरी होत होत्या. वास दुकानापर्यंत येत होता. मला आठवतं, कारण मला भूक लागली होती आणि कधी एकदा लिहिणं संपतं असं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली नाही. खडीवर जायला लागली असं ऐकलं. पावसाळ्यानंतर ते कुटुंब सुरतेला गेलं. आपल्या खान्देशातली किती घरं तेव्हा गाडीत बसून सुरतेला गेली! हंडा सोडवायला कुणी आलं नाही. वर्ष उलटलं, बापूजींनी खातं मिटवलं. 1983 ला माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "जुनं तांबं जड असतं, हा हंडा घेऊन जा." मी घेऊन आले. चाळीस वर्षांवर झाली, त्यातलं पाणी पितो आहोत.

बापूजींना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ते व्यवहाराला चोख होते. काट्यात कधी खोट नाही, भावात लबाडी नाही. त्याच वर्षी गुरांच्या छावणीला त्यांनी दोन गाड्या कडबा दिला, व्याख्यानात त्यांची अनुमोदना झाली. मुक्या जिवांसाठी त्यांचा जीव खरंच तुटायचा. आणि तो हंडाही त्यांनी खरंच योग्य वजनाला घेतला होता. मला आजही त्या नोंदीत हिशेबाची चूक सापडत नाही.

पण पुस्तकात एक प्रसंग आहे. कॅटनिस अकरा वर्षांची असताना (माझंच वय!) तिचे वडील खाणीत गेले. घरात काही नाही. पावसात भिजत ती बेकरीमागच्या कचऱ्याच्या डब्यात काही मिळतं का बघते. बेकरीवालीण तिला हाकलते. त्या बाईचा मुलगा, तिच्याच शाळेतला, आत मुद्दाम दोन पाव जाळतो. त्यासाठी आईचा मार खातो. आई म्हणते, टाक डुकराला. तो ते पाव त्या मुलीकडे फेकून देतो.

बस्स, एवढंच. पण मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ हंड्याकडे बघत बसले. एक भाकरी जाळायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे अतिचार आले. रोज येतात. तिसऱ्या व्रतात खोट्या मापाचा अतिचार येतो, तिथं मला नेहमी जरा बरं वाटायचं, की आमच्या घरात ते पाप नव्हतं. पहिल्या व्रतातला शेवटचा अतिचार मात्र मी इतकी वर्षं भरभर म्हणून पुढे जात होते. भत्तपाणविच्छेद. कुणाचं अन्नपाणी तोडणं. महाराज साहेब त्याचा अर्थ आपल्या आश्रयाला असलेल्या जनावरांच्या, नोकरांच्या संदर्भात सांगतात. पण त्या संध्याकाळी मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. आम्ही तिचं पाणी भरायचं भांडंच घेतलं होतं.

पुस्तक मी पुरं केलं. अडीच महिने लागले. सगळं आवडलं असं नाही. मारामारीची पानं मी भरभर उलटली, एक-दोन ठिकाणी खरंच मळमळलं. कॅटनिस धनुष्यबाणानं शिकार करते, तेही मला पचलं नाही. पण ज्यासाठी मी ते लपवलं होतं, ते त्यात नव्हतं. मला वाटलं होतं, हे पुस्तक मुलांना मारायला शिकवतं. त्यात तर मारामारी मजेनं बघणाऱ्या लोकांचीच लाज वाटायला लावली आहे. शेतीच्या जिल्ह्यातली रू नावाची बारा वर्षांची मुलगी त्यात आहे. जे पिकवतात त्यांनाच तिथं पोटभर खाता येत नाही. ती मरते तेव्हा कॅटनिस तिच्या अंगावर रानातली फुलं वाहते. आणि मग रूच्या जिल्ह्यातले उपाशी लोक आपल्यातले पैसे घालून कॅटनिसला पाव पाठवतात. परक्या जिल्ह्याच्या मुलीला. मी सामायिकीच्या आसनावर बसून रडले, हे सांगायला लाजत नाही.

पर्युषणात मुलगा, सून, नात सगळे आले. गणपतीची सुट्टी जोडून आली होती. ह्या वेळी मीच पुस्तक तिच्या हातात दिलं. आत खुणेला वहीचा कागद होता, वीस आणि बेचाळीसच्या हिशेबाचा. तिनं तो बघितला आणि खुदकन हसली. "दादी, तू बॅलन्सशीट काढलीस?"

मग मी तिला विचारलं, तुम्हा मुलांना असं का वाचावंसं वाटतं? आमच्या वेळी फास्टर फेणे होता. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश. संकटात पडायचा आणि हुशारीनं सुटायचा, पण सुटून घरीच यायचा. तुमच्या पुस्तकात परत यायला घरच उरत नाही.

ती म्हणाली, "दादी, ह्या गोष्टींत मोठ्या माणसांनी सगळं बिघडवून ठेवलेलं असतं आणि मुलांना निस्तरावं लागतं. ते खोटं आहे का? मी नऊ वर्षांची होते तेव्हा एक दिवस सगळं जग बंद झालं. आम्हाला कुणी काही नीट सांगितलं नाही. अशा पुस्तकात निदान कुणीतरी सांगतं, की असं झालं तर काय करायचं."

तिचे वडील बाजूलाच होते. ते म्हणाले, आपल्या मराठीत हे नव्हतं असं नाही. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' त्यांनी शाळेत असताना वाचली होती. मुंबईत बर्फ पडतं तिथून गोष्ट सुरू होते. 'वामन परत न आला'मध्ये आपल्याआधीची एक संस्कृती स्वतःच्याच यंत्रांपायी संपलेली असते. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावानं पाठवली होती, आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम नको म्हणून, आणि बक्षीस मिळवलं होतं. 20 मे 2025 ला ते गेले. नातीनं ती पुस्तकं लिहून घेतली. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, मला इंग्रजीला लागतो, तसाच.

मग मी म्हटलं, आता माझ्याकडची गोष्ट ऐक. तुझ्या पुस्तकापेक्षा भयंकर आहे, आणि आपल्या आगमातली आहे.

सहाव्या आऱ्याची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आपण पाचव्या आऱ्यात आहोत. तो 21,000 वर्षांचा, त्यातली अडीच हजार संपली. त्यानंतर सहावा आरा, तोही 21,000 वर्षांचा. दिवसा सूर्य आग ओकतो, रात्री थंडीनं जीव जातो. शेती नाही, घर नाही, धर्म नाही. माणूस हातभर उंचीचा, आयुष्य वीस वर्षांचं. गंगा-सिंधूच्या काठी बिळांत राहायचं, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ बाहेर यायचं, मासे आणि कासवं पकडून तापलेल्या वाळूत पुरायची, भाजली की खायची. जंबूद्वीप प्रज्ञप्तीत हे सगळं आहे.

पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. "दादी, हे तर डिस्टोपिया आहे!" ह्या शब्दाचा अर्थ तिनंच मला सांगितला. सगळं वाईटाकडे गेलेलं, पुढच्या काळातलं जग. म्हटलं, असेल. आम्ही त्याला दुषमदुषमा म्हणतो.

मग मी शेवट सांगितला. काळ फिरतो. पाऊस सुरू होतो. पाच प्रकारचे मेघ सात सात दिवस बरसतात, मध्ये दोन आठवडे उघाड, असे 49 दिवस. पृथ्वी निवते. गवत उगवतं, वेली चढतात, फळं धरतात. बिळातली माणसं बाहेर येतात, ते हिरवं बघतात, आणि सगळी मिळून ठरवतात, की आता मांस खायचं नाही. जो खाईल त्याच्या सावलीलाही उभं राहायचं नाही. आषाढी चौमासीपासून 49-50 दिवसांनी आपली संवत्सरी येते, तिचा संबंध महाराज साहेब ह्याच दिवसाशी सांगतात.

तिनं विचारलं, "त्यांना हे कुणी शिकवलं? तीर्थंकर होते का तेव्हा?"

"नाही. तीर्थंकर त्यानंतर पुष्कळ काळानं होतात."

"साधू? पुस्तक?"

"काहीच नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

मी गप्प झाले. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, सांगितली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शिकवायला कुणी नसताना, नुसतं पोट भरण्याची दुसरी सोय दिसल्याबरोबर माणसाला आधी हेच सुचलं, की आता कुणाला मारायला नको. मग आपण, ज्यांच्याकडे सगळं आहे, सूत्रं आहेत, व्याख्यानं आहेत, ते कुठं चुकतो?

त्यावर मी तिला हंड्याची गोष्ट सांगितली. सगळी. मी वर बघितलं नाही, इथपर्यंत.

संवत्सरीचं प्रतिक्रमण झाल्यावर घरी येऊन आधी मी नातीपुढे हात जोडले. म्हटलं, तुझं पुस्तक लपवलं, तुझ्याशी खोटं बोलले, न वाचता दोष दिला. खमतखामणा. ती माझ्या गळ्यातच पडली. मग म्हणाली, "आणि हंडेवाल्या मैत्रिणीला?"

तिला कुठं शोधू? माहेरी भावाला फोन केला. त्या घरचं गावात आता कुणी नाही. सुरत केवढी मोठी. ती असेल की नाही, तेही ठाऊक नाही. ज्याची क्षमा मागायची तोच समोर नसेल तर आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना मिळून खमावतो. ते सोपं पडतं. एका माणसाला, नाव घेऊन, हे अवघड.

नातीनं हंडा चिंचेनं घासला. कोरलेली अक्षरं लख्ख झाली. आता तो आमच्या स्वयंपाकघरात नाही. पुढच्या मार्चपासून दुकानाच्या ओट्यावर पाणपोई ठेवायचं ठरलं आहे, रोज गाळलेलं पाणी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हंडा तिथंच राहील, नाव रस्त्याच्या बाजूला करून. ह्यांनी विचारलं, "लोक विचारतील, हे कोण म्हणून." मी म्हटलं, विचारू द्या. सांगेन, हंडा त्यांचा आहे, आम्ही सांभाळतोय.

ह्यानं फेड झाली असं मी मानत नाही. खातं माझ्या बाजूनं उघडं आहे, एवढंच.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी, अनुभवाच्या. घरातल्या मुलांच्या हातात असलं पुस्तक दिसलं तर आधी स्वतः वाचा, निदान पहिली पन्नास पानं. इंग्रजी जड वाटलं तर मुलालाच शेजारी बसवून सांगायला सांगा, त्याला आवडतं. नऊ-दहा वर्षांच्या लेकराला 'हंगर गेम्स' देऊ नका, ते तेरा-चौदाच्या पुढचं आहे. नातीनं मला आता 'द गिव्हर' नावाचं पुस्तक दिलं आहे, लोईस लोरी ह्यांचं, 1993 सालचं. त्यात मारामारी जवळजवळ नाही. तिथं सगळं आखीव, कुणाला दुःख नाही, बारा वर्षांच्या मुलाला मोठी माणसं त्याचं काम नेमून देतात. "दहावीनंतर सायन्सच घे म्हणतात तसं," असं म्हणून तिनं आपल्या आईकडे बघितलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत.

आणि मुलांना सहाव्या आऱ्याची गोष्ट सांगा. भीती घालायला नको, शेवटापर्यंत सांगा, पाऊस पडून हिरवं होईपर्यंत. मग ती काय विचारतात ते ऐका.

'गिव्हर'ची मी रोज सहा पानं वाचते. चारवरून सहावर आले आहे.

जय जिनेंद्र.